दर्याकडे पाठ केलेली चूल

माघातली सकाळ तांबळखाडीवर उतरते ती पावलांनी नव्हे, रंगांनी. आधी करड्या रेशमाचा एक विरळ पदर. मग त्या पदराला केशराची किनार. मग एकाएकी साऱ्या चिखलावर, कांदळाच्या काळ्या मुळांवर, आडव्या पडलेल्या होड्यांच्या डांबरी पाठींवर ताटभर कुंकू सांडावं तशी लाली. बगळे त्या लालीत एका पायावर उभे राहतात. बगळ्यांना दुसरं काम नसतं.

अशाच एका सकाळी, सूर्य माथ्यावर यायच्या आत, ‘गरुडझेप’ नावाच्या बावीस फुटी होडीवर पहिला भात शिजला आणि तो करपला.

छे. करपला नाही. करपण्यासारखं काही घडलंच नाही. तांबळखाडीत कुणालाही विचारा; लोक शपथेवर सांगतील की त्या दिवशी जो वास आला तो पलीकडच्या किनाऱ्यावरून आला. पलीकडच्या किनाऱ्यावर कुणी राहत नाही. असो. आपणही तसंच धरून चालू आणि पुन्हा सकाळपासून सुरू करू. सकाळ निर्दोष आहे.

तर सकाळ. तर लाली. तर ओहोटीनं उघडी टाकलेली, जेट्टीच्या टोकाशी उजव्या कुशीवर कललेली, तीन वर्षं जेट्टी सोडून कुठे गेली नाही अशी गरुडझेप. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला उंचीचं वेड असावं, कारण होडीत तसं सुचवणारं काही नव्हतं. तिच्या भर तारुण्यातदेखील एकदा एक वाहता नारळ तिला मागे टाकून पुढे गेला होता, आणि नारळाला घाई नव्हती.

पण त्या सकाळी तिच्या पोटातून हातोड्याचा आवाज येत होता. ठक्. ठक्-ठक्. ठक्. जणू मेलेल्या म्हटलेल्या छातीत कुणी काळीज ठोकून बसवत होतं.

*

हसुराम चौलकर अडतीस वर्षं भात शिजवत होता. समुद्रावर, आणि दुसऱ्यांच्या बोटींवर. नाव हसुराम, हसल्याची नोंद नाही. बोटीवरच्या स्वयंपाक्याला जागा मिळते ती सगळ्यांना जागा मिळून उरते तेवढी: जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे, डिझेलच्या पिंपाशेजारी, बर्फाच्या खणाच्या झाकणावर. तिथं तो उकिडवा बसे. तिथं तो फुंकर घाली. तिथं, लाटांच्या निळ्या, निर्दय, निरंतर हेलकाव्यांत, तो दहा माणसांचं आधण सांभाळी, जसं कुणी झोपलेलं बाळ सांभाळावं. आणि आधणाला बुडबुडा येतो न येतो तोच वरून हाक येई.

“हसू, चूल हलव!”

जाळं वर यायचं आहे, चूल हलव. बर्फ काढायचा आहे, चूल हलव. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, पाय पसरायचे आहेत, चूल हलव. चूल म्हणजे वाळू भरलेलं अर्धं पिंप. ते तो पोटाशी धरून उचले, तापल्या पत्र्याचा डाग पोटावर घेई, आणि सरके. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. अडतीस वर्षांत त्याची चूल समुद्रावर जेवढी फिरली तेवढी काही बोटीसुद्धा फिरल्या नसतील.

म्हणून म्हातारपणी, गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर, त्यानं जगाकडे एकच गोष्ट मागितली. मासे नव्हे. वेग तर नव्हेच. एक चूल, जिला कुणी ‘हलव’ म्हणणार नाही. त्या चुलीभोवती असावी म्हणून त्यानं एक होडी घेतली. लोक होडीत चूल बसवतात. हसुरामनं चुलीला होडी बसवली.

आणि मग तीन वर्षं तो स्वयंपाकघर गोळा करत राहिला. दांडा तुटलेली पळी. दांडा न तुटलेली पळी. पितळेचा एक टोप, ज्याच्या बुडाशी कुणा अनोळखी लग्नाचा सन कोरलेला. सांडशी, फुंकणी, विळी. कांद्यांसाठी काथ्याची जाळी, म्हणजे भर वादळातही कांदे टांगून राहतील आणि आपापसांत फक्त डोकी आपटतील. गोड्या पाण्याचं निळं पिंप. मिठाची बरणी, जिचं झाकण दोन हातांनीच उघडतं, कारण समुद्राला मीठ परत घ्यायची खोड आहे. सगळं घरी, खाटेखाली. त्याची बायको द्रुपदा त्या खाटेवर तीन वर्षं झोपली, आणि रात्री कूस बदलली की खालून पळ्या वाजत.

“अवो,” ती म्हणे, “होडी बुडंल तवा बुडंल. खाट आधी बुडणार हाय.”

द्रुपदानं अडतीस वर्षं नवऱ्याच्या हातच्या भाताची कीर्ती ऐकली होती. खलाशी सांगत, तांडेल सांगत, बाजारातल्या बायका सांगत. तिनं स्वतः तो भात एकदाही खाल्ला नव्हता. हसुराम घरी आला की पाटावर बसे आणि ताटाची वाट पाही. जमिनीवर आपल्याला शिजवता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जमीन हलत नाही, त्यामुळे अंदाज चुकतो.

*

आता रिवाज सांगतो. तो लहान आहे, आणि त्यावर सगळं उभं आहे.

तांबळखाडीत होडी लाकडानं होत नाही. होडी चुलीनं होते. होडी तरंगती असावी. तिच्यावर तिची स्वतःची चूल असावी. शिजवणाऱ्याचं तोंड पूर्वेला असावं. त्या चुलीवर भात शिजावा, खाडीतल्या पाच तोंडांनी तो खावा, आणि पाचही तोंडांनी म्हणावं: ‘भात झाला.’ मग ती होडी म्हणजे घर. मालकाच्या शब्दाशिवाय तिला कुणी हात लावू शकत नाही. आणि तोवर? तोवर ते लाकूड. कच्चा भात भात धरत नाहीत. करपलेला भात तर नाहीच नाही.

माघातल्या त्या सकाळी जेट्टीवर मच्छीमार सोसायटीचा कागद चिकटवलेला होता. जेट्टी रुंद व्हायची होती. टोकाचं ‘निरुपयोगी लाकूड’ होडीतोड्यांच्या हवाली व्हायचं होतं. दिवस: आजचा. वेळ: भरती भरली की. म्हणजे सूर्य माथ्यावर आला की.

हसुरामनं कागद वाचला. चौथीपर्यंत शिकला होता. कागद तिसरीतला होता. त्यानं तो सोडवला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि खाटेखालून तीन वर्षं एकदम बाहेर काढली. पळ्या वाजल्या. टोप वाजला. गल्लीतली कुत्री उठून रांगेत चालू लागली. त्यांना वाटलं वरात आहे.

*

होड्यांचे मेस्त्री त्या दिवसांत मोठ्या बोटींवर अडकलेले. मिळाले ते परशराम मेस्त्री. तीस वर्षं घरांची स्वयंपाकघरं करणारे. ओटे, फडताळं, देव्हारे करणारे. नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, मनात वास्तुशास्त्र. होडीवर त्यांनी आजवर पाय ठेवला नव्हता. जमीन जागच्या जागी राहते, या एकाच श्रद्धेवर त्यांचा सारा धंदा उभा होता.

“पूर्व कुठली?” त्यांनी विचारलं.

“ती काय,” द्रुपदानं बोट केलं. पूर्व तिकडे लालभडक होऊन बसली होती.

मेस्त्रींनी पूर्वेला नमस्कार केला आणि कामाला लागले.

आणि काय ते काम! ओहोटीच्या त्या ताम्रवर्णी शांततेत, रंध्यातून उडणाऱ्या सोनेरी ढलप्यांच्या पावसात, चार फूट बाय तीन फुटांच्या त्या जागेत त्यांनी एक संपूर्ण संसार उभारला. टोप घसरू नये म्हणून चुलीभोवती सागाचा काठ. पेल्यांना मापाची भोकं पाडलेली फळी. पळ्यांना आकडे, सांडशीला आकडा, आणि एक आकडा असाच, पुढे लागेल म्हणून. कॅलेंडरला खिळा, खिळ्याला भिंत नव्हती म्हणून आधी भिंत. भिंतीला खिडकी. खिडकीला गज, चोर येऊ नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, होडीच्या मधोमध, तीन बोटं उंचीचा एक उंबरठा.

“ह्यो कशाला?” हसुरामनं विचारलं.

“घर म्हटल्यावर उंबरठा नको?” मेस्त्री म्हणाले. “बाहेरचं कुठलं नि आतलं कुठलं, हे कळायला नको?”

पाय उचलून हसुराम उंबरठ्याच्या आत गेला. मग बाहेर आला. मग पुन्हा आत गेला. साठी उलटलेला, पोटावर डागांचे बिल्ले मिरवणारा तो माणूस असा सात वेळा आत-बाहेर झाला, आणि सातव्या वेळी त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते ऊन नव्हतं. ऊन पाठीमागे होतं.

मग चूल. मेस्त्री पायाशिवाय काही बांधत नाहीत. त्यांनी विटा घातल्या, सिमेंट घातलं, त्यावर पिंप बसवलं, आठ पितळी बोल्ट पिळले, वरून मातीची तीन खुरं थापली, आणि पाणसळ लावून पाहिली. पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मधे आला. शिजवणाऱ्याचं तोंड बरोब्बर पूर्वेला आलं.

“आता,” मेस्त्री हात झटकत म्हणाले, “भूकंप झाला तरी हलायची नाय.”

भूकंप झाला नाही. भरती आली.

*

ती आली पश्चिमेकडून, नेहमीसारखी. निळ्या-हिरव्या, चंदेरी-काठाच्या, गर्भारशीच्या चालीनं. आधी चिखलातल्या खेकड्यांच्या बिळांत तिनं कुजबुज केली. मग कांदळाच्या मुळांना पैंजण बांधले. मग होड्यांच्या बुडाखाली ओला तळवा सारला आणि एकेकीला, आईनं उठवावं तसं, उठवलं.

गरुडझेप उठली. विटा-सिमेंट पोटात घेऊन, कण्हत, करकरत, शेवाळ झटकत, ती सरळ झाली.

आणि तिच्या आतलं सगळं वाकडं झालं.

कारण मेस्त्रींनी पाणसळ लावली ती होडी उजवीकडे कललेली असताना. पृथ्वीच्या हिशेबानं त्यांची प्रत्येक फळी सरळ होती. होडी सरळ झाल्यावर पृथ्वीनं अंग काढून घेतलं. पेले डावीकडे झुकले. कॅलेंडर भिंतीपासून सुटून लोंबकळलं. देखणी, पायाशुद्ध, सिमेंटची चूल डावीकडे मान कलती करून उभी राहिली, एखाद्या पाहुणीनं ‘काय म्हणालात?’ असं विचारावं तशी.

मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चूल तशीच होती.

पण त्याचं काही नव्हतं. खरं संकट पुढे होतं, आणि ते अगदी सावकाश आलं. तांबळखाडीतल्या होड्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधतात. म्हणून भरती आली की होड्या वळतात. नाळ पश्चिमेला. सगळ्या, एकीमागून एक, जत्रेतल्या बायकांनी पालखीकडे तोंड करावं तशा. चाळीस होड्या वळल्या. एक्केचाळिसावी गरुडझेपही वळली. तिच्याबरोबर उंबरठा वळला, खिडकी वळली, गज वळले, चूल वळली. आणि चुलीपाशी हातात तांदळाचं सूप घेऊन उभा असलेला हसुराम, पाऊलही न उचलता, सूर्याकडे पाठ करून मावळतीला तोंड करून उभा राहिला.

तीस वर्षं दिशा पाहून चूल बांधणाऱ्या मेस्त्रींना समुद्र ठाऊक नव्हता. अडतीस वर्षं समुद्रावर राहिलेल्या हसुरामला दिशा ठाऊक नव्हती. दिशा हा तांडेलाचा विषय होता, हसुराम जाळ्यांच्या मागे बसे. आणि द्रुपदा त्या वेळी सरपण आणायला गेली होती.

एका बगळ्यानं पाय बदलला.

*

जेट्टीवर तेव्हा सोसायटीचे चेअरमन येऊन उभे होते. यशवंत कुलाबकर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पंचवीस वर्षांपूर्वी हसुराम शिजवी त्याच बोटीवर हा यशवंत खलाशी होता, आणि ‘हसू, चूल हलव’ असं ओरडण्यात त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. त्यांच्या बाजूला दोन होडीतोडे, खाडीच्याच वरच्या अंगाचे भाऊ, खांद्यावर मनगटाएवढ्या जाडीचा दोर घेऊन.

“हसुकाका,” चेअरमन म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता, नियम होता. “तोंड मावळतीला हाय.”

“दिसतंय,” हसुराम म्हणाला.

“मंग चूल तेवढी हलव ना. फिरव पूर्वेला नि टाक तांदूळ. आपलं काय म्हणणं नाय.”

हलव.

तो शब्द पाण्यावरून आला, लाटेसारखा आला, अडतीस वर्षांच्या सगळ्या लाटा पाठीवर घेऊन आला. निळ्या पहाटा आल्या, काळी वादळं आली, पोटावरचा प्रत्येक डाग जागा झाला. मेस्त्रींनी पाना उचलला होता; आठ बोल्ट काढायला कितीसा वेळ? सिमेंट अजून ओलं होतं. ओल्या सिमेंटला फितवणं सोपं असतं.

हसुरामनं पाना मेस्त्रींच्या हातातून घेतला आणि पाण्यात टाकला.

“चूल हलणार नाय,” तो म्हणाला. “दर्या हलू दे.”

बुडबुडे आले. चार. मग एक, उशिरानं.

“पाना माझा होता,” मेस्त्री हळूच म्हणाले.

*

दर्याला निरोप कुणी सांगावा, हा प्रश्न होता. ओहोटी लागल्यावर होडी आपोआप पुन्हा पूर्वेला वळली असती. पण तोवर ती होडी नसती, फळ्या असत्या.

सरपणाचा भारा जेट्टीवर टाकून द्रुपदा पुढे झाली. जांभळं लुगडं, गुडघ्यापर्यंत कासोटा, कपाळावर सकाळच्या आभाळातलंच एक उचलून लावलेलं कुंकू. तिनं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे, एकदा त्या जाडजूड दोराकडे.

“ह्यो दोर कशाला आणलाव?” तिनं होडीतोड्यांना विचारलं.

“होडी वढायला, काकी.”

“मंग धरायला बी चालंल.”

तिनं नाळेची गाठ सोडली. खाडीत कुणी तसं करत नाही. भरतीला होडीची नाळ सामोरी द्यायची. ती दर्यापुढे लववलेली मान असते. द्रुपदानं दोर होडीच्या मागच्या अंगाला घेतला, बुटक्या, सपाट, बोडक्या मागच्या अंगाला.

“काकी, मागच्या पायाला कोंबडी बांधतात!” चेअरमन ओरडले.

“ह्या कोंबडीला सोसायटीनं लाकूड म्हटलाय,” द्रुपदा म्हणाली. “लाकडाला मान न् शेपूट नसतीय, चेअरमन.”

एक टोक तिनं जेट्टीच्या शेवटच्या खांबाला वेढलं आणि होडीतोड्या भावांच्या हातात दिलं. ते त्यांनी का धरलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मोठ्यानं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं मोठ्याकडे, आणि तोवर दोर ताणला गेला होता. आणि ताणलेला दोर धरणं एवढंच त्यांना जन्मभर शिकवलेलं होतं. दुसरं टोक होडीवर बांधायला मागे खुंटी नव्हती. होती ती तीन वर्षांत कुजून गेली होती. मग मागच्या फळीला दोराचे तीन वेढे देऊन, ते मांडीखाली घेऊन, खुंटीच्या जागी द्रुपदा बसली.

आणि होडी वळली.

करकरत, कुरकुरत, भरतीच्या रुंद निळ्या छातीला रेटत, इंच इंच, हात हात, ती वळली. खिडकी वळली. गज वळले. उंबरठा वळला. चाळीस होड्या पश्चिमेला मान लववून उभ्या होत्या. एक्केचाळिसावी दर्याकडे पाठ करून उभी राहिली.

हसुरामच्या तोंडावर सूर्य आला.

त्यानं काडी ओढली.

*

अहाहा, तो जाळ! उगवतीच्या लालीनं उधार मागावा असा तो केशरी, कोवळा, काटक जाळ. कलत्या चुलीतून तो कलताच उठला आणि कलत्या टोपाला त्यानं कलतंच कवटाळलं. आधण डावीकडे जमलं. उजवीकडे तळ उघडा पडू लागला. हसुराम स्वतः डावीकडे कलला. टोप, जाळ आणि माणूस, तिघेही एका कोनात, वाऱ्यात वाकलेल्या तीन माडांसारखे. तांदूळ पडले. आधण शांत झालं. मग पुन्हा बोलू लागलं.

आणि मागून भरती आली.

तिला पाठ दाखवलेली आवडली नव्हती. होडीच्या सपाट मागच्या अंगावर ती थडकली. पाण्याचा पांढरा पंजा वर उठला, आत आला, चुलीकडे झेपावला. आणि वाटेत द्रुपदा होती. पंजा तिच्या पाठीवर फुटला. दुसरा आला. तिच्या पाठीवर फुटला. जांभळं लुगडं काळं झालं. अंबाडा सुटला. केसांतून, कानांतून, हनुवटीवरून खारं पाणी ओघळू लागलं. ती हलली नाही. मांडीखाली दोर, पाठीवर दर्या, डोळ्यांसमोर नवऱ्याची पाठ. दोन पाठी, एकामागे एक, एका बोडक्या होडीवर. आणि त्या दोन पाठींपलीकडे, सागाच्या काठाआड, उंबरठ्याच्या आत, मूठभर जाळ, कोरडा.

हसुरामला यातलं काही ठाऊक नव्हतं. शिजवताना तो मागे पाहत नसे. अडतीस वर्षांत मागे पाहिलं की कुणीतरी काहीतरी हलवायला सांगे.

“किती येळ?” द्रुपदानं विचारलं.

“वाफ धरतेय.”

लाट. पाठ.

“आता?”

“घाई करू नको गो. भात हाय, मासळीबाजार नाय.”

लाट. पाठ. लाट. पाठ. खांबाशी होडीतोडे भाऊ दोर धरून घामाघूम. पाणी भरत चाललं. सूर्य चढत चालला. मेस्त्री पुढच्या टोकाला होडीच्या काठाला मिठी मारून बसले होते आणि जमिनीची आठवण काढत होते. जेट्टीवर चेअरमन यशवंत कुलाबकर, घड्याळाकडे पाहायचं सोडून, एका बाईच्या पाठीकडे पाहत होते.

मग तो वास आला. पलीकडच्या किनाऱ्यावरून.

*

हसुरामनं झाकण काढलं. वाफेचा पांढरा मोर उडाला. खाली, टोपाच्या डाव्या अंगाला, पेज व्हायच्या बेतातला मऊ गिचगोळा. उजव्या अंगाला तपकिरी, आणि त्याही पलीकडे, अगदी कडेला, काळंभोर असं काही. मधे एक चिंचोळी पट्टी. शुभ्र. मोकळी. मोगऱ्याच्या कळ्यांसारखी शितं, एकेक वेगळं, एकेक उभं. अडतीस वर्षांची सगळी विद्या त्या चार बोटं रुंद पट्टीत येऊन उभी राहिली होती.

त्यानं ती पट्टी पळीनं अलगद उचलली, थाळीत घेतली, आणि पहिला घास द्यायला मागे वळला.

तेव्हा त्याला ती दिसली.

तिच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं, ओठ निळे पडले होते, आणि तिच्या मागे अख्खा दर्या हात उगारून उभा होता. हसुराम उंबरठ्यापाशी आला. पाय उचलून उंबरठा ओलांडला. वाकला. आणि आपल्या हातानं, जमिनीवर ज्या हातानं कधी वाढलं नव्हतं त्या हातानं, तिला घास भरवला.

द्रुपदानं डोळे मिटले. चावला. गिळला. अडतीस वर्षं ऐकलेली कीर्ती जिभेवर फिरवून पाहिली.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

आणि मग, लाट पाठीवर फुटत असताना, उरलेल्या श्वासात: “भात झाला.”

एक.

पांढरी पट्टी संपली होती. मेस्त्रींच्या वाट्याला गिचगोळा आला. त्यांनी तो खाल्ला, वाकड्या फळ्यांकडे पाहिलं, बुडालेल्या पान्याच्या दिशेनं पाहिलं. “भात झाला. सरळ झाला.” दोन. थाळी दोरावरून सरकत खांबाशी गेली. भावांचे हात गुंतलेले, म्हणून थाळीतच तोंड घातलं, आधी मोठ्यानं, मग धाकट्यानं, तपकिरी भागात. कुडकुड आवाज झाला. “भात झाला.” तीन. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं किंवा भातानं. “झाला, झाला.” चार.

पाचवं तोंड जेट्टीवर उभं होतं. त्याच्या थाळीत उरलं होतं ते काळं.

पाणी आता खांबावरच्या शेवटच्या शिंपल्याला टेकलं होतं. भरती भरली होती. कागदावरची वेळ झाली होती. चेअरमननी थाळीकडे पाहिलं. करपलेला भात भात धरत नाहीत. हे त्यांना त्यांच्या आज्यानं सांगितलं होतं. मग त्यांना एक वादळ आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं. सगळे उताणे, ओकणारे, देवाला हाका मारणारे. आणि जाळ्यांच्या मागे एक माणूस, चूल कुठेच ठेवता येईना म्हणून उकळता टोप मांडीत धरून बसलेला. आणि पहाटे प्रत्येकाच्या हातात गरम भात. त्या भाताची चव त्यांना आठवली. त्या भातासाठी कुणी ‘झाला’ म्हटलं नव्हतं. कुणी काहीच म्हटलं नव्हतं. ‘चूल हलव’, एवढंच.

यशवंत कुलाबकरांनी काळा घास तोंडात घातला. चावला. फार वेळ चावला. सारी खाडी त्यांच्या जबड्याकडे पाहत होती, बगळेसुद्धा.

“काका,” ते म्हणाले, “खरवड उरली आसंल तर वाढ अजून. भात झाला.”

पाच.

द्रुपदा दोरावरून उठली. होडीतोड्या भावांनी दोर सोडला. रिकाम्या झालेल्या आपल्या हातांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. गरुडझेप आपल्या मनानं, सावकाश, चाळीस जणींसारखी पश्चिमेला वळली. आता ती घर होती. घराला कुठेही पाहायची मुभा असते, शिजवणाऱ्याला नसते.

*

पण भरती दिवसातून दोनदा येते, आणि माणसाला जेवायलाही तेवढ्याच वेळा लागतं. म्हणून त्याच दुपारी, पितळी दुपारी, ओल्या लुगड्याचं जांभळं निशाण काठीवर फडफडत असताना, हसुराम चौलकर आपल्या उंबरठ्यावर बसला. शेजारी नवऱ्याचा सदरा घालून द्रुपदा, उन्हाकडे पाठ करून. त्यानं खिशातून सोसायटीचा कागद काढला, तो उलटा केला, मेस्त्रींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, आणि कलत्या चुलीच्या काठावर कागद ठेवून, कलत्याच पण ठाम अक्षरांत, एक अर्ज लिहिला. पाणी ओसरत होतं. चुलीत एक निखारा होता. तो लाल होता, तो जागा होता, तो होता तिथेच होता.

*प्रति, मा. बंदर अधिकारी यांस.*

*विषय: भरतीस समज देणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ‘गरुडझेप’ या होडीवर दि. आजपासून चूल कायमची बसविण्यात आली असून ती कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही सांगण्यावरून हलविण्यात येणार नाही. भात चांगला झाला. त्याबाबत पाच साक्षीदार आहेत. तथापि भरती पश्चिमेकडून येत असल्याने अर्जदाराच्या पत्नीची पाठ भिजते. सबब भरतीने यापुढे पूर्वेकडून यावे. ते गैरसोयीचे असल्यास, वाफ धरेपर्यंत बंदराबाहेर उभे राहावे. आणि तेही न जमल्यास, होडी वळेल तिकडे पूर्व दिशेने आपण होऊन वळावे, आणि तसा लेखी हुकूम दर्यास, चंद्रास व सूर्यास आपल्या सहीशिक्क्यानिशी सत्वर बजावण्यात यावा, ही नम्र विनंती.*